गारठा मोजणारा थर्मामीटर : डुकराच्या नवजात पिल्लांसाठी कोणतं साधन खरं बोलतं?

थर्मामीटर बनवलेला असतो ताप मोजायला. डुकराच्या नवजात पिल्लात पहिल्या दिवशी शोधायचा असतो तो गारठा. एवढ्या एका फरकामुळे माणसांसाठी उत्तम ठरलेली बरीच साधनं विणीच्या कप्प्यात नापास होतात. गुदद्वारातून तापमान घेणारा डिजिटल थर्मामीटर, वायरीच्या टोकाचा प्रोब, इन्फ्रारेड बंदूक, माणसांचे कपाळाचे आणि कानाचे थर्मामीटर, आणि थर्मल कॅमेरा, या सगळ्यांची पारख इथे एकाच कसोटीवर केली आहे: सव्वा किलोच्या, ओल्या, थरथरणाऱ्या जिवाचं आतलं तापमान ते किती खरं सांगतं? कातडीखाली बसवायच्या चिपबद्दलही शेवटी थोडं आहे.

आधी ही कसोटी इतकी कठीण का, ते पाहू. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पुढच्या वीस-तीस मिनिटांत ते दोन अंशांनी, कधी त्याहूनही जास्त घसरतं. दीड किलोचं दणकट पिल्लू लगेच चीक प्यायलं तर काही तासांत सावरू लागतं आणि दिवसभरात ३८.५ ते ३९ वर येतं. एक किलोच्या आतलं पिल्लू जास्त खाली जातं आणि तिथेच रेंगाळतं. डुकराच्या पिल्लाकडे ऊब तयार करणारी तपकिरी चरबी नसते. त्या चरबीतून उष्णता काढणारं यूसीपी१ हे जनुक डुकरांच्या वंशात सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच निकामी झालं. कोकरू किंवा वासरू या चरबीवर पहिला दिवस काढतं, डुकराच्या पिल्लाला मात्र नुसतं कुडकुडून अंग गरम ठेवावं लागतं. त्यासाठी लागणारा साठा म्हणजे यकृतातलं आणि स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर. चीक मिळाला नाही तर तो पहिल्या दिवसातच संपत येतो. अंगावर चरबी जेमतेम एक-दोन टक्के.

शिवाय ते ओलं असतं. कातडीवरचं एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, आणि १.४ किलोच्या पिल्लाचं तापमान एक अंशाने उतरायला साधारण ५ किलोज्यूल पुरतात. म्हणजे ती उष्णता पिल्लाच्या अंगातूनच गेली तर दोन ग्रॅम पाणी, अर्धा चहाचा चमचासुद्धा नाही, एका अंशाला पुरेसं आहे. पिल्लू पुसून कोरडं करणं हा उपाय एवढा मोठा का ठरतो, ते यावरून कळावं.

तेव्हा साधनाकडून मागण्या तीन. ते ३२ अंशांच्या खालीही आकडा दाखवणारं हवं. ३७.२ आणि ३८.२ यांतला फरक त्याला नक्की कळायला हवा. आणि पिल्लू अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या वर हातात धरावं लागू नये.

लवचिक टोकाचा डिजिटल थर्मामीटर

सगळ्यांत भरवशाचं साधन हेच, आणि सगळ्यांत जास्त चुकीचं वापरलं जातं तेही हेच. घेताना टोक वाकवून पाहा. रबरासारखं सहज वाकलं पाहिजे. ताठ टोकाचा थर्मामीटर हातात असताना पिल्लाने झटका दिला तर आतड्याला भोक पडू शकतं. काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर तर कप्प्यात आणूच नये. पाऱ्याच्या वापरावरच्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा थर्मामीटरांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२० पर्यंत बंद करायची होती, तरी जुने कपाटांतून अजून निघतात.

पद्धत अशी. पिल्लू डाव्या हाताच्या पुढच्या भागावर पालथं घ्या, डोकं कोपराकडे, मागचे पाय तळव्यात. हात गार असतील तर आधी चोळून गरम करा. पाण्यात विरघळणारी जेल किंवा लिक्विड पॅराफिन टोकाला लावा, शेपटी अंगठ्याने वर करा आणि टोक पाठीच्या कण्याला समांतर ठेवून हलके फिरवत आत सरकवा. पहिल्या एक-दोन दिवसांच्या पिल्लात दोन सेंटिमीटर पुरे, आठवड्याभराच्या पिल्लात अडीच ते तीन. ही खोली थर्मामीटरवर रंगीत टेपने खूण करून ठेवाच. एकाला एक सेंटिमीटर आणि दुसऱ्याला अडीच असं झालं तर आकड्यांतला फरक पिल्लांचा की खोलीचा, हे कळायला मार्ग उरत नाही. उथळ ठेवलेलं टोक नेहमी कमी दाखवतं.

टोक आतच जात नसेल तर जोर लावू नका. काही पिल्लं गुदद्वाराविना जन्मतात, आणि पुष्कळदा ते थर्मामीटर लावतानाच पहिल्यांदा लक्षात येतं. शेपटी उचलून नीट पाहा. मादी पिल्लात विष्ठा कधीकधी योनिमार्गातून बाहेर येते, नरात वाटच नसते आणि पोट फुगत जातं. अशा पिल्लाबद्दल पशुवैद्याला विचारायचं, थर्मामीटर बाजूला ठेवायचा.

आता यंत्राच्या खोडी. पहिली खोडी म्हणजे ‘दहा सेकंदांत निकाल’ देणारी मॉडेलं. ही अंदाजावर चालतात. टोकाचं तापमान सुरुवातीला किती वेगाने चढतं ते पाहून ‘शेवटी इथे थांबेल’ असा हिशेब करतात, आणि तो हिशेब माणसाच्या तोंडावर किंवा काखेवर बेतलेला असतो. गारठलेल्या पिल्लाच्या गुदद्वारात रक्तप्रवाह मंद असतो, चढ वेगळाच असतो आणि अंदाज फसतो. म्हणून अंदाज बंद करून थेट मोजणी करता येणारं मॉडेल घ्यावं, किंवा साधं, सावकाश मोजणारं. बीप वाजली म्हणून लगेच काढू नका. आकडा दहा-पंधरा सेकंद जागचा हलला नाही की मग वाचा.

दुसरी खोडी अधिक घातक आहे. दवाखान्यातला डिजिटल थर्मामीटर त्या मोजणीत आलेला सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो. तापाला हे ठीक आहे. पण तुम्ही तो पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बखाली ठेवला होता, टोक ३८ पर्यंत तापलं होतं, आणि तसाच चालू करून ३५ अंशांच्या पिल्लाला लावला, तर तो ३८ च दाखवेल. एका पिल्लानंतर बंद न करता दुसऱ्याला लावला तरी तेच. पिल्लू मरणाच्या दारात आणि पडद्यावर सगळं आलबेल. उपाय सोपा आहे: प्रत्येक पिल्लानंतर बंद करा, टोक पुसा, खोलीच्या हवेत गार होऊ द्या, मग चालू करा. थर्मामीटर बल्बपासून आणि खिशापासून दूर, सावलीतल्या डबीत ठेवायचा.

तिसरी खोडी पट्ट्याची. बहुतेक मॉडेलं ३२ ते ४२ किंवा ४३ अंशांपर्यंत मोजतात. त्याखाली नुसतं ‘लो’. गारठलेलं पिल्लू ३१.५ वर आहे की २८ वर, हे ‘लो’ सांगत नाही, आणि ऊब दिल्यावर ते सुधारतंय की नाही हेही कळत नाही. त्यातही अचूकता सगळ्या पट्ट्यात सारखी नसते. एएसटीएम ई १११२ या डिजिटल थर्मामीटरच्या अमेरिकी मानकात ३७ ते ३९ अंशांदरम्यान ०.१ अंशाची चूक चालते, ३५.८ च्या खाली मात्र ०.३ ची मुभा आहे. म्हणजे खोक्यावर ठळक छापलेली अचूकता तापाच्या आसपासची आहे, गारठ्याची नव्हे. जनावरांसाठीच्या मॉडेलांत खालची मर्यादा मॉडेलागणिक वेगळी असते. घेण्याआधी तपशीलपत्रकात खालचा आकडा वाचायचा. तो छापलेलाच नसेल तर ते मॉडेल सोडून द्यावं.

स्वच्छतेचंही सांगायला हवं, कारण एका वेतातून दुसऱ्या वेतात हगवण नेण्याचा हा अगदी सरळ रस्ता आहे. टोक आधी कागदाने पुसा, मग ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने, मग पूर्ण वाळू द्या. ओलं अल्कोहोल उडताना टोक गार करतं आणि पिल्लाच्या नाजूक आतल्या कातडीला झोंबतंही. निरोगी वेत आधी, आजारी वेत शेवटी. थर्मामीटर पाण्यात बुडवून धुणार असाल तर त्यावर आयपीएक्स७ किंवा आयपी६७ असा, पाण्यात बुडवलं तरी चालेल असं सांगणारा शिक्का आहे का ते पाहा. तो नसेल तर पाणी बॅटरीच्या झाकणातून आत शिरतं आणि आकडे काही दिवसांनी चुकायला लागतात. एकदम बंद पडला तर निदान कळतं तरी, हळूहळू चुकणारा थर्मामीटर फसवतो.

तपासणी महिन्यातून एकदा आणि थर्मामीटर पडल्यावर प्रत्येक वेळी. थर्मासमध्ये ३९ अंशांचं पाणी घ्या, प्रमाणित थर्मामीटर आणि आपला असे दोन्ही शेजारी बुडवा, ढवळत राहा, दोन्ही स्थिरावल्यावर वाचा. मग पाणी ३४ वर आणून पुन्हा वाचा. दोन्ही ठिकाणी सारखाच फरक असेल, समजा ०.२ कमी, तर तेवढं टेपवर लिहून वापरता येतो. वर ठीक आणि खाली चुकत असेल तर तो बाद. बर्फाच्या पाण्यात शून्यावर तपासण्याची पद्धत इथे चालत नाही, कारण या थर्मामीटरला शून्य दिसतच नाही.

वायरीच्या टोकाचा प्रोब

छोटं मीटर, त्याला बारीक लवचिक वायर आणि वायरीच्या टोकाला सेन्सर. रोज ज्यांच्याकडे विणी असतात त्यांच्यासाठी आमची पहिली पसंती याला आहे. ‘लो’ची अडचण नाही, वरचा आकडा धरून ठेवायची सक्ती नाही, तापमान चढता-उतरताना डोळ्यांसमोर दिसतं. पण सेन्सर कोणता, यावर सगळं अवलंबून आहे. के-टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला सेन्सर, चपळ असतो, पण साध्या दर्जाच्या थर्मोकपलची मुभा २.२ अंशांची आहे आणि निवडक दर्जाची १.१. भट्टीला हे चालतं, पिल्लाला नाही. थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे विजेचा रोध बदलणारा सेन्सर, घ्या. चांगला थर्मिस्टर ०.१ ते ०.२ अंशांत राहतो. सेन्सरचं टोक गोल आणि गुळगुळीत हवं, आणि वायर गुळगुळीत, सांधा नसलेल्या नळीत असावी, म्हणजे घाण अडकत नाही. दोन सेंटिमीटरवर रबराची छोटी चकती बसवली की खोलीचा प्रश्नच मिटतो, आणि याला बर्फाच्या पाण्यातही तपासता येतं.

उणीव एकच, पण ती खरी आहे. मीटर एका हातात, वायर दुसऱ्यात आणि पिल्लू तिसऱ्यात, असे तीन हात लागतात. मीटर गळ्यात अडकवायची किंवा कठड्याला टांगायची सोय नसेल तर एकट्या माणसाला हे जड जातं. वायर मीटरला जिथे जोडली जाते तिथे वाकून वाकून आतली तार तुटते. मग आकडा मध्येच उड्या मारतो. असं दिसलं की वायर बदला, हलवून-डुलवून काम काढू नका.

इन्फ्रारेड बंदूक : पिल्लासाठी नाही, जमिनीसाठी

या साधनाबद्दल गैरसमज सगळ्यांत जास्त. नेम धरा, घोडा दाबा, आकडा तयार. पिल्लाला हात लावायला नको, ते ओरडत नाही, आई बिथरत नाही. मोह साहजिक आहे. पण बंदूक मोजते ती पृष्ठभागाचं तापमान. गारठलेलं पिल्लू कातडीकडचं रक्त आखडून घेतं, म्हणजे कातडी आतल्या तापमानाच्या कितीतरी खाली जाते. ओली कातडी बाष्पीभवनाने आणखी गार. आणि तेच पिल्लू बल्बखाली पाच मिनिटं पडलं की पाठीची कातडी तापते, आत अजून ३६ च असतात. एकाच पिल्लाचे तीन आकडे आणि तिन्ही खरे, फक्त कशाचे ते वेगळं.

त्यात ठिपक्याचं गणित. अंतर आणि ठिपका यांच्या १२:१ प्रमाणाची बंदूक ३० सेंटिमीटरवरून अडीच सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ पाहते. कातडीचं तापमान आतल्याशी त्यातल्या त्यात जुळतं ते कानाच्या मुळाशी, आणि नवजात पिल्लाचा तो भाग अडीच सेंटिमीटर भरणंही कठीण. उरलेल्या वर्तुळात जमीन, भिंत, शेजारच्या भावाची पाठ. जवळ नेलं तर लेझरचा लाल ठिपका एकीकडे आणि मोजलेली जागा दुसरीकडे, कारण लेझर भिंगाच्या बाजूला बसवलेला असतो. लेझर पिल्लाच्या डोळ्यांवर जाऊ नये हेही सांभाळावं लागतं.

उत्सर्जकता, म्हणजे पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती बाहेर टाकतो, या नावाची एक सेटिंग असते. बऱ्याच साध्या बंदुकांत ती ०.९५ वर कायमची बसवलेली असते, कातडीची ०.९८ च्या आसपास आहे. भोवताल २५ अंश आणि कातडी ३६ अंश असेल तर या फरकाने चूक होते साधारण ०.३ अंशाची, तीही वरच्या बाजूला. तीच काय ती छोटी चूक. बंदुकीची स्वतःची अचूकता एक ते दोन अंशांची असते, आणि ३७.५ व ३९ यांतला फरक ओळखायचा तर ती फार होते.

मग बंदूक टाकून द्यायची का? मुळीच नाही. जमीन मोजायला हिच्यासारखं दुसरं साधन नाही, आणि पिल्लाची निम्मी लढाई जमिनीवरच असते. नवजात पिल्लाला भोवताल ३४-३५ अंशांच्या खाली गेला की ऊब राखण्यासाठी जादा शक्ती खर्चावी लागते. त्याच खोलीत आईला मात्र १८ ते २२ अंश हवेत, त्याहून जास्त झाले तर ती खात नाही आणि दूध आटतं. म्हणजे एकाच कप्प्यात दोन ऋतू तयार करायचे आहेत, आणि ते झाले की नाही हे बंदूक अर्ध्या मिनिटात सांगते.

पिल्लांच्या कोपऱ्याचे मनातल्या मनात नऊ चौकोन करा आणि प्रत्येकाच्या मध्यावर एक आकडा घ्या. हे काम वीण सुरू होण्याआधी, जागा रिकामी असताना करायचं. पिल्लं झोपली की जमीन त्यांच्या अंगाने तापते आणि बल्बची आच त्यांच्या पाठीवर अडते, मग आकडे फिरतात. बल्ब तासभर आधी, विजेवर तापणारी मॅट काही तास आधी चालू हवी. बल्बच्या ऐन खाली ४२ आणि वीतभर बाजूला २६ असं दिसलं तर बल्ब फार खाली टांगला आहे. मधली पिल्लं होरपळतात, कडेची गारठतात. २५० वॅटचा बल्ब साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर उंचीवरून सुरू करून, बंदुकीचे आकडे पाहत साखळीची एकेक कडी वर-खाली करावी. साखळीच वापरा. वायरीवर टांगलेला बल्ब कधी ना कधी खाली येतो, आणि खाली पेंढा असतो. पाण्याचा शिंतोडा उडून फुटणार नाही अशी टणक काच आणि भोवती जाळी हवी.

आणखी एक जागा मोजायची, जी हमखास विसरली जाते: मादीच्या मागे, पिल्लू जिथे पडतं ती. पहिला अर्धा तास, म्हणजे सगळ्यांत जास्त घसरणीचा, पिल्लू तिथेच ओलं धडपडत असतं. कोपऱ्यातली ३५ अंशांची मॅट तेव्हा त्याच्या काहीच कामाची नसते. मागची जमीन २० अंश दाखवत असेल तर विणीपुरता दुसरा बल्ब तिथे लावा, मादीच्या अंगावर आच येणार नाही अशा कोनात, आणि वीण आटोपली की काढा.

चकचकीत धातूच्या जाळीवर बंदूक फसते. घासलेला धातू स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतो आणि आसपासचीच परत फेकतो. तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा. काँक्रीट, रबर, प्लास्टिक यांना अडचण नाही. बंदूक गार खोलीतून उबदार कप्प्यात आणल्यावर वीस-तीस मिनिटं नुसती पडू द्यायची, नाहीतर सेन्सर आणि भिंग वेगवेगळ्या तापमानाला असतात आणि आकडा हेलकावे खातो.

माणसांचे कपाळाचे आणि कानाचे थर्मामीटर

कपाळाचा थर्मामीटर कातडी मोजून त्यात माणसासाठीची दुरुस्ती मिसळतो आणि ‘शरीराचं तापमान’ म्हणून दाखवतो. डुकराच्या पिल्लाला ती दुरुस्ती लागू नाही. ‘पृष्ठभाग’ अशी सोय असेल तर ती इन्फ्रारेड बंदूकच झाली, सगळ्या उणिवांसकट. वर ३७.५ च्या पुढे लाल दिवा लागतो, म्हणजे धडधाकट पिल्लू सतत तापलेलं ठरतं. कानाच्या थर्मामीटरचं टोक नवजात पिल्लाच्या अरुंद, वाकड्या, जन्माच्या पाण्याने ओल्या कानात पडद्यापर्यंत पाहूच शकत नाही, भिंतच मोजतं. दोन्ही घेऊ नयेत.

थर्मल कॅमेरा

मोठा कळप, रात्रीची देखरेख किंवा नव्या कप्प्यांची आखणी असेल तर याचा उपयोग आहे. अचूकता सहसा दोन अंश किंवा दोन टक्के, त्यामुळे एका पिल्लाचा आकडा म्हणून तो वाचू नये. पण एकाच चित्रातली तुलना चांगली पकडतो: दहा पिल्लांत एक निळसर, मॅटच्या एका टोकाला मेलेला पट्टा, दाराच्या फटीतून येणाऱ्या झुळकेने गार झालेली भिंत. निळसर दिसलेलं पिल्लू उचलायचं आणि थर्मामीटर लावायचा, हा त्याचा योग्य वापर.

घेताना पडद्याचा आकार पाहू नका, सेन्सरचे पिक्सेल पाहा. १६० × १२० पिक्सेल आणि ५५ अंशांचं दृश्य असेल तर एक मीटरवरून एक पिक्सेल सुमारे साडेसहा मिलिमीटरचा होतो. भरवशाच्या मोजणीला किमान तीन गुणिले तीन पिक्सेल लागतात, म्हणजे दोन सेंटिमीटर. कानाचं मूळ जेमतेम बसतं. ८० × ६० च्या सेन्सरवर तोच ठिपका चार सेंटिमीटरचा होतो, म्हणजे कान, मान आणि हवा एकत्र. काचेच्या खिडकीतून किंवा ॲक्रिलिकच्या झाकणातून कॅमेरा आतलं पाहू शकत नाही, काचेचंच तापमान दाखवतो. हे माहीत नसल्याने कॅमेरा बिघडला समजून परत केला जातो.

तापमान सांगणारी, कातडीखाली बसवायची १३४.२ किलोहर्ट्झची चिप प्रयोगासाठी ठीक. ती कातडीखालचं तापमान सांगते, वाचक अगदी जवळ न्यावा लागतो, आणि मांसासाठी वाढवलेल्या जनावरातून कत्तलीच्या वेळी ती शोधून काढावी लागते. रोजच्या कामाला नको.

आकडा मिळाल्यावर

पिल्लांचं झोपणं हाही एक मीटर आहे, आणि त्याला बॅटरी लागत नाही. एकमेकांवर रचून, पाय पोटाखाली घेऊन झोपली असतील तर गारठा. कुशीवर, शेजारी शेजारी, पाय मोकळे सोडून असतील तर बरोबर. बल्बपासून लांब पांगलेली, धापा टाकणारी असतील तर बल्ब वर घ्या, कारण डुकराला घामाने अंग गार करता येत नाही. झोपण्यावरून संशय आला की तोंडात बोट घालून पाहा. जीभ गार आणि चोखणं ढिलं असेल तर थर्मामीटर लगेच. आणि कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका. फार गारठलेल्या पिल्लाची कुडकुडायचीही ताकद संपते.

व्यवहारात आकड्यांवर असं वागावं. ३८ च्या वर असेल तर सडाला लावून सोडा. ३७ ते ३८ : पुसून कोरडं करा, ऊब द्या, चीक पितंय ना ते पाहा. ३५ ते ३७ : आधी बल्बखाली किंवा कोरड्या उबदार खोक्यात, मग हाताने धरून सडाला, आणि वेत मोठं असेल तर जाडजूड भावंडं तासभर बाजूला काढा. ३५ च्या खाली तोंडात चीक ओतू नका. गिळायची शक्ती नसते, तो फुप्फुसात जातो. आधी मान वर धरून ४० अंशांच्या पाण्यात अंग बुडवा, खडखडीत कोरडं करा, ३७ च्या वर आणि चोखायला लागलं की मग पाजा. पहिल्या २४ तासांत एका पिल्लाच्या पोटात किमान २०० ग्रॅम चीक जायला हवा, २५० गेला तर उत्तम. थोड्या थोड्या वेळाने थर्मामीटर पुन्हा लावायचा, आणि ३२ च्या खाली वाचणारं साधन का हवं ते इथेच समजतं.

आकड्याशेजारी जन्माची वेळ लिहा. ३६.८ हा आकडा जन्मानंतर पाऊण तासाने आला तर ती नेहमीची घसरण आहे, पुसून ऊब दिली की वर येते. तोच २४ तासांनी आला तर ते पिल्लू बहुतेक उपाशी आहे. थर्मामीटर खाली ठेवा, पोट चाचपा आणि ते कोणत्या सडाला लागतंय ते पाहा.